डेकवर गाणारी गोव्याची बाई

ठाण्याहून आम्ही निघालो तेव्हा मागच्या सीटवर दोन बॅगा होत्या आणि पुढे माझ्या मांडीवर इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क. "सांभाळून धर, खड्डा आला की वर उचल," असं आमच्या ह्यांनी सोसायटीच्या फाटकातच बजावलं. मुलगी तान्ही असताना तिला मांडीवर घेऊन मी रिक्षातून गावभर हिंडले, तेव्हा अशी सूचना केल्याचं मला काही आठवत नाही.

सुधाकर, म्हणजे आमचे हे, निवृत्त झाल्यापासून एकच उद्योग करत होते. घरातल्या सगळ्या कॅसेटी एकेक करून त्यांनी कॉम्प्युटरवर चढवल्या, प्रत्येक गाण्याला मराठीत नाव दिलं, पुढे गायकाचं नाव, त्यापुढे राग, आणि तो सगळा संसार तळहाताएवढ्या डबीत भरला. ही डबी गाडीच्या डेकला जोडायची आणि कोल्हापूरपर्यंत गाणी ऐकत जायचं, असा बेत होता. तिथून पुढे कोडोलीला त्यांच्या मामेबहिणीकडे, आक्काकडे. तिनं म्हशींसाठी नवा गोठा बांधला होता आणि तो बघायला आलो नाही तर जन्मात बोलणार नाही, असं तिनं कळवलं होतं.

माझा बेत निराळा होता. मी बरीच वर्षं गाणं शिकते आहे. यंदा आमच्या बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारच्या कार्यक्रमात तुम्ही एकट्या गा. मी म्हटलं, कोल्हापूरहून आल्यावर सांगते. खरी गोष्ट अशी की माझी छाती होत नव्हती. आपण बरं गातो की लोक आपलं मन राखतात, हे मला कळतच नव्हतं. शेजारच्या काकू "गोड" म्हणतात, मुलगी फोनवरून "मस्त" म्हणते आणि हे पेपरातून मान वर न काढता "छान" म्हणतात. एकदा मी काहीच न गाता "कसं झालं?" म्हणून विचारलं, तेव्हाही "छान" म्हणाले.

म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून मोबाइलवर माझी चार गाणी रेकॉर्ड केली आणि हे आंघोळीला गेल्यावर गुपचूप त्या डबीत सोडली. हजारो गाण्यांत चार, कुणाला पत्ता लागणार? कोल्हापूरकडची माणसं मनातलं तोंडावर बोलतात. गाणारी समोर बसलीय हे त्यांना ठाऊकच नसलं, की मग तर बघायलाच नको. ती म्हणतील तसं करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

पण डेकनं दोघांच्याही बेतांवर पाणी फिरवलं. खोपोलीच्या आधीच ह्यांनी वायर जोडली. पडद्यावर काहीतरी फिरत राहिलं, डबीतून टिक-टिक आवाज आला आणि सगळं थंड. वायर काढली, फुंकली, परत लावली. पुण्यात लावली, साताऱ्यात लावली. कराडला चहा घेतला तोही ह्यांनी डबीकडे बघतच घेतला. मी हळूच सुचवलं, मोबाइलवर लावा की गाणी. त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत ह्यांच्या एका मित्राच्या रिकाम्या घरात सामान टाकलं. सकाळी मिसळ खाल्ली, कटाची (वरच्या तिखट रश्श्याची) दुसरी वाटी मागून डोळ्यांतून पाणी काढलं आणि गाड्यांना सीटकव्हरं नि डेक बसवून देणाऱ्या एका दुकानात जाऊन उभे राहिलो. दुकानदार अंगानं भरलेला, कपाळाला गंध, कानाला फोन. फोन न सोडताच त्यानं डबी हातात घेतली.

"पावणं, डेकला लोक एवढासा पेनड्राइव्ह लावत्यात. तुम्ही आख्खी ट्रंक आणलायसा की!"

"पण चालेल का?" ह्यांनी विचारलं.

"चालतंय की, न चालाय काय झालं? हिला करंट पुरंना झालाय. दोन तोंडाची वायर देतो, एक तोंड चार्जरला खुपसायचं. आन् हिचा फॉरमॅट डेकला कळंना. समदं माझ्या कॉम्प्युटरवर काढून घ्यायचं, डिस्क कोरी करायची, पुन्यांदा भरायचं. दुपार जाईल."

"कोरी करायची?" ह्यांचा चेहरा पडला.

"मी हाय न्हवं? आन् एक ध्यानात ठेवा. ह्यो डेक नाव बघत न्हाय, काय न्हाय. जे आधी टाकशिला ते आधी वाजवतोय. मराठी नावं तर ह्येला दिसतच न्हाईत, पडद्यावर नुस्ते चौकोन येत्यात."

चौकोन! मला मनातून हसू फुटलं. म्हणजे कोण गातंय हे आता पडद्यालाही कळणार नव्हतं. ह्यांना मात्र डबी परक्याच्या हवाली करणं शक्यच नव्हतं. "गाणी मी स्वतः भरणार," असं म्हणून ते स्टुलावर ठाण मांडून बसले. मी चपला बघायला बाजारात गेले. पायाला लागणार नाही असं चपलवाल्यानं तीनतीनदा सांगितलेला जोड घेतला आणि लंगडत परतले, तर हे गाडीत बसले होते. चेहरा गंभीर. म्हटलं, काही पुसलं गेलं की काय? "नाही," म्हणाले, "सगळं आहे." आणि गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला लावली.

पहिलं गाणं एका नामवंत बुवांचं लागलं. ह्यांनी स्टिअरिंगवर ताल धरला. दुसरं सुरू झालं आणि मी सरळ होऊन बसले. तंबोरा माझा. आवाज माझा. आमच्या कुकरची शिट्टीदेखील मागे बारीक ऐकू येत होती. इतक्या लवकर नंबर लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी पदर सारखा केला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "कोण हो ही?"

ह्यांनी कान देऊन ऐकलं. "ही ना? गोव्याकडची एक बाई. नाव आठवेना बघ. फार जुनी."

"जुनी म्हणजे?"

"वारली बिचारी. झाली बरीच वर्षं."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला आपला आवाज ओळखू येऊ नये, वर त्यानं आपल्याला परस्पर मारूनही टाकावं! मला राग आला, हसू आलं आणि थोडं रडूही आलं. "बरी गाते की," मी म्हटलं. "छान," ते म्हणाले. ते "छान" ऐकून तर मला गाडीतून उतरावंसं वाटलं.

पन्हाळ्याला वारा भणाणत होता. तटाशी गाडी लावून काचा खाली केल्या, डेक चालूच. भाजलेल्या शेंगा विकणारा एक माणूस जवळ आला. एवढ्यात माझं दुसरं गाणं लागलं. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी होतं तसं मला झालं. शेंगांचा कागदी पुडा हातात देत तो ह्यांना म्हणाला, "साहेब, गाणं बदला की. ह्या गाण्यावर गिऱ्हाईक झोपंल माझं."

हे शेंग फोडत म्हणाले, "जुनी गायिका आहे हो ती."

"असूंद्या की. जुनी म्हणून काय जागी ऱ्हायचं न्हाई व्हय?"

मी शेंगा चावत दरी बघत राहिले. दरी सुंदर होती म्हणतात. खाली हिरवे चौकोन आणि मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर एवढंच मला आठवतं. रविवारच्या कार्यक्रमाला नाहीच म्हणायचं, हे मी तिथेच मनाशी पक्कं करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सामान गाडीत टाकून कोडोलीला गेलो. गोठ्याची वास्तुशांत आदल्या दिवशीच उरकली होती. शांतीच्या दिवशी जेवण गोडाचं, आणि पाहुण्याला गोडावर वाटेला लावणं आक्काला मान्य नव्हतं, म्हणून आम्हाला मुद्दाम एक दिवस उशिरा बोलावलेलं. आक्का साठीची, उंच, हाताला शेणाचा वास आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतलं कुत्रं गप्प व्हावं. जिन्यावरून हाक मारली की ती घरात नसलेल्यालाही ऐकू जाते.

"आलास व्हय, सुध्या? वैनी, वाळलायसा की! ह्यो घालतोय का न्हाई जेवाय?"

गोठा खरोखरच आमच्या फ्लॅटपेक्षा हवेशीर होता. पंखे होते, नळ होते, आणि खांबाला एक रेडिओ टांगलेला. "म्हसरं (म्हशी) गाण्यावर पान्हा सोडत्यात," आक्का म्हणाली. "पर कालपास्नं त्यो रेडिओ बंद पडलाय."

हे ऐकताच आमच्या ह्यांना स्फुरण चढलं. त्यांनी गाडी उलटी घेत थेट गोठ्याच्या दाराशी लावली, चारी दारं उघडली आणि पन्हाळ्यापासून बंद ठेवलेला डेक सुरू केला. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि आक्काचा आग्रह. नको म्हणून ताटावर हात धरला तर ती हातावर वाढते. बुवा गाऊन झाले. आणि माझं तिसरं गाणं लागलं. माझ्या मते चारांतलं सगळ्यात चांगलं. नाही म्हणायचं ठरवून बसले होते, तरी माझे कान टवकारले.

आक्का पळी घेऊन थबकली. गोठ्याकडे बघून तिनं कान दिला.

"कोण रं ही?"

"गोव्याची एक बाई," हे म्हणाले.

"गळा चांगला हाय. ग्वाड हाय." माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ती पुढे म्हणाली, "पर ही कुणाला भिऊन गातीया? घरात माणसं निजल्यात आन् ही चोरून गातीया जणू. म्हसरांनी मान तरी वर केली का बघ! त्यास्नी ऐकाय तर गेलं पायजे."

हातातला घास मी परत ताटात ठेवला. कारण ते शब्दशः खरं होतं. सासूबाईंचा डोळा लागलेला असायचा, पुढे मुलीचा अभ्यास असायचा, मग शेजार होता. मी कायम दार लावून, ओट्याशी उभी राहून, अर्ध्या आवाजातच गात आले.

"तिला मोठ्यानं गाऊ दिलंच नाही गं कुणी," हे एकदम म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. "घरात आजारी सासू, लहान पोर. नवरा सकाळचा पेपरात तोंड घालून बसायचा. ती विचारायची कसं झालं, हा नुसता छान म्हणायचा. कधी पेपर खाली ठेवून ऐकलं नाही शहाण्यानं."

मी पानातून मान वर केली. हे माझ्याकडे बघतच नव्हते. मटणाची नळी फोडण्यात गुंतले होते.

"मग त्या नवऱ्याला धरून बडवाय पायजे हुता," आक्का म्हणाली.

"व्हय," हे म्हणाले. "पायजे हुता."

आक्कानं त्यांच्या ताटात दणकन आणखी एक पळी रस्सा ओतला. तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. मला मात्र सगळं कळलं होतं आणि मी भाकरीचा तुकडा कुस्करत होते. मागे गोठ्यात माझं गाणं संपत आलं होतं. म्हशी रवंथ करत होत्या.

तिसऱ्या प्रहरी आम्ही निघालो. आक्कानं तुपाची बरणी, गुळाची ढेप आणि न मागितलेले चार सल्ले बरोबर दिले. वाठारच्या दिशेनं थोडं गेल्यावर मी विचारलं, "कधी कळलं?"

"दुकानातच. भरताना चार फाइलींना नावंच नव्हती, नुसते आकडे. मी ठेवलेल्या एकाही फाइलला नाव नाही असं झालंय का कधी? म्हणून एक लावून बघितली. दुकानदार म्हणाला, साहेब, कुकर वाजतोय."

"आणि इतक्या लवकर माझा नंबर कसा लागला?"

"आधी टाकशिला ते आधी वाजतंय. तुझ्यासमोरच सांगितलं होतं त्यानं. बुवांचं एक टाकलं, एक तुझं टाकलं. संशय नको यायला."

"आणि मला मारून कशाला टाकलंत?"

"मला न सांगता माझ्या डिस्कमध्ये घुसलीस," ते म्हणाले, "काहीतरी शिक्षा नको?"

मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन तोंडांची ती वायर डेकमधून उपटून काढली. ज्या डबीसाठी मी खड्ड्याखड्ड्याला मांडी उचलत आले, ती त्यांनी मागच्या सीटवर भिरकावली. रुमालसुद्धा घातला नाही.

"काचा खाली कर," म्हणाले. "कोडोलीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. म्हसरांना."

पहिल्या ओळीला माझा आवाज ठाण्याच्या स्वयंपाकघरातलाच निघाला. ह्यांनी गाडी पुन्हा रस्त्याला घेतली. "छान" म्हणाले नाहीत. दुसऱ्यांदा मी जरा मोकळा लावला. दोन्ही बाजूंना ऊस होता, निजलेलं कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा मी आक्कासारखी जिन्यावरून हाक मारायची आहे असं समजून षड्ज लावला आणि मलाच दचकायला झालं. एवढा मोठा आवाज इतकी वर्षं मी कुठे ठेवला होता कोण जाणे. डोळ्यांत पाणी आलं, पण थांबले नाही.

किणीच्या टोलनाक्यावर आमच्या फास्टॅगनं हार्ड डिस्कसारखाच हट्ट धरला, काही केल्या वाचला जाईना. हातात मशीन घेऊन एक माणूस खिडकीशी आला. मी समोर बघत, तान घेण्याच्या ऐन भरात. तो वाकून ह्यांच्याकडे ओरडला, "साहेब, डेक बारीक करा की जरा! काय बोलताय त्ये ऐकाय येईना झालंय!"

"ह्यो डेक बारीक हुत न्हाय, पावणं," आमचे हे म्हणाले. "हितनं फुडं तर न्हाईच."

मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. तो बिचारा मशीन हातात धरून तसाच उभा राहिला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तरी मी अंतरा पुरा केला.

ठाण्यात पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी गाण्याच्या बाईंना फोन करून होकार दिला. त्या नव्या चपला पायाला लागल्याच, हे जाता जाता नोंदवून ठेवते. प्रवासाला माणसं देव बघायला जातात, किल्ले बघायला जातात. मी दुसऱ्याच्या तोंडून स्वतःला ऐकायला गेले होते आणि परतताना स्वतःच ऐकून आले. हार्ड डिस्क आता कपाटात आहे. हे रोज सकाळी पेपर घडी करून बाजूला ठेवतात आणि समोर बसतात. त्यामुळे पेपर दुपारपर्यंत कोराच राहतो आणि माझा रियाज मात्र लांबतो, कारण ते मधेमधे सूचना करतात. अजून "छान" म्हणालेले नाहीत.

ह्यांनी आक्कालाही फोन लावला. गोव्याची बाई रविवारी ठाण्यात गाणार आहे, एवढंच सांगितलं. पलीकडून तिचा आवाज फोन लांब धरूनही स्पष्ट आला. "ती मेली म्हणत हुतास न्हवं? बरं, येती की. पर मागनं ऐकाय आलं न्हाय तर मधनंच उठून जाईन, सांगून ठेवती!"

मी तिची खुर्ची शेवटच्या रांगेत ठेवायला सांगितली आहे.