मालकांच्या कॅमेऱ्यातली पिवळी रेघ

मालक जाऊन आज वर्ष झालं. त्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी मी अजून चार्जिंगला लावते.

मुलगा वीरेश म्हणतो, "वापरायचाच न्हाई तर लाईट कशाला जाळतीस आई?"

बरोबर आहे त्याचं. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करत फिरणारी बाई मी. पण बॅटरी पडून राहिली की मरते, हे मालकांनीच सांगितलेलं.

चाकूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. रोलच्या जमान्यातल्या त्यांच्या लेन्स, हातानं रिंग फिरवून फोकस करायच्या.

खंडेनवमीला मी लेन्सना विभूती लावायला गेले की मालक ओरडायचे, "काचेला नको, झाकणाला लाव."

मग शुगरनं नजर कमी झाली. जुन्या कॅमेऱ्यातून फोकस लागला का नाही, ते कळेना. एका लग्नात नवरा-नवरीच धूसर आले.

त्यानंतर मालक लग्नांना जाईनात. "डोळे गेले की फोटोवाला गेला," एवढंच म्हणाले.

वीरेश म्हणाला, "अण्णा, ऑटोफोकस घ्या. कॅमेराच समदं करतो."

"मग मी काय करू?"

शेवटी वीरेशनंच शोधून काढलं. मिररलेस म्हणून नवे डिजिटल कॅमेरे येतात, त्यांना अडॅप्टर लावला की जुन्या लेन्स बसतात. आत चित्र मोठं करून बघता येतं, आणि फोकस लागला तिथं रंगीत रेघ उमटते.

नुसती कॅमेऱ्याची बॉडी घ्यायची, लेन्स नवी नाही, हे ऐकून मी पण तयार झाले.

एसटीनं नांदेडला गेलो. दुकानदारानं दोन बॉडी काढल्या. मालकांनी पिशवीतून आपली लेन्स काढली आणि मला काउंटरपाशी उभं केलं.

"हलू नको."

"माझा कशाला?"

"तुझ्या कुंकवावर फोकस लावायची सवय हाय मला."

रेघ काही दिसेना. मालकांचं तोंड उतरलं.

दुकानदार म्हणाला, "काका, डोळ्यांचा दोष नाही. रेघ लाल आहे, काकूंच्या कुंकवात जाते." त्यानं ती पिवळी करून दिली.

पहिली बॉडी स्वस्त. पण चित्र मोठं केलं की थरथरायचं. थरथर मालकांच्या हाताची होती.

दुसरीत हात हलला तरी चित्र धरून ठेवायची सोय होती. तिच्यात मालक लई वेळ बघत राहिले.

मग ती खाली ठेवली. "पहिलीच बरी हाय. हलकी हाय."

घरचा हिशोब मी ठेवते. ते माझ्याकडं बघून बोलले, हे मला कळलं.

"दुसरी घ्या," मी म्हणाले.

"महाग हाय गं."

"असू द्या. मला धूसर काढू नका म्हणजे झालं."

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाही.

पुढं संध्याकाळी पायरीवर बसून मला फोकस लावायला शिकवायचे.

"नीट दिसलं की थांबायचं न्हाई. आणखी पुढं जायचं, धूसर होऊ द्यायचं, मग मागं यायचं. तव्हा कळतं, नीट कुठं होतं ते."

"मला काय करायचंय शिकून?"

"राहू दे हाताला."

मग मालक लिंगैक्य झाले.

आज पूजा झाल्यावर वीरेश म्हणाला, "आई, बॉडीला गिऱ्हाईक हाय. चांगली हाय तवर देऊन टाकू."

मी हो म्हणाले. वस्तू पडून ठेवणं मला पटत नाही.

द्यायच्या आधी पुसून ठेवावा म्हणून कॅमेरा हातात घेतला. चालू केला. डोळा लावला.

वीरेश दारात उभा होता.

"हलू नको."

रिंग फिरवली. त्याच्या भुवयांवर पिवळी रेघ आली. भुवया मालकांच्याच आहेत.

थांबले नाही. आणखी पुढं गेले. तो धूसर झाला.

आणि त्या धूसर दारात मालक उभे होते.

लई वेळ मला मागं यावं वाटेना.

मग आले. वीरेश होता. बटण दाबलं.

फोटो त्यानं मोठा करून बघितला. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला न्हाई म्हणून सांगतो."

मालक, आता माझ्या कपाळावर नुसती विभूती असते. रेघ लाल केली तरी दिसेल.

पिवळीच ठेवली आहे.

हात जोडून शरणार्थ करते.