घटस्फोटाआधीच्या महालक्ष्म्या

आमचं राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. रायपूर राजधानी झालं आणि जिकडेतिकडे पाट्या रंगवणं सुरू झालं. ‘मध्यप्रदेश’ खरवडायचं, ‘छत्तीसगढ़’ लिहायचं. पेंटर लोकांना जेवायची फुरसत नव्हती. त्याच धामधुमीत मला एका नव्या सरकारी ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली, आणि त्याच वर्षी मी नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवलं. आमचे बाबा रेल्वेतले. ते म्हणाले, “राज्य वेगळं झालं तं तू बी वेगळी होऊन राहिली काय वं?” आणि हसले. बाबा हसले म्हणजे घरातलं अर्धं काम झालंच.

लोकांना वाटायचं, मारत असेल, पीत असेल. छे! नवरा सज्जन. इतका सज्जन की त्याच्याशी धड भांडताही येईना. विचारलं तेवढंच बोलणार. “भाजी कशी झाली?” “झाली.” संपलं! आणि मी ही अशी, उठल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. चार वर्षांत मी एकटीच बडबडायला शिकले. मूलबाळ नव्हतं. एका रविवारी मीच म्हटलं, आपलं काही जमत नाही बुवा. तो म्हणाला, “हो.” लग्नानंतर पहिल्यांदा आमचं एकमत झालं ते असं.

मग मी बॅग भरून बाबांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले आणि कचहरीजवळच्या एका वकीलबाईंना गाठलं. बाई अभनपुरकडच्या, तोंडात पान, आवाज खणखणीत. त्यांनी मला कायदा असा समजावला की पोह्यांची कृती सांगावी. दोघं राजी असाल तर आधी वर्षभर वेगळं राहायचं. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. मग कोर्ट सहा महिने देणार, बाबांनो, नीट विचार करा म्हणून. त्यानंतर दोघांनी पुन्हा ‘हो’ म्हणायचं, की सुटलात. तोवर दोघांपैकी कोणी एक मागं फिरलं तर सगळं अडलं. लग्नात मला जे दिलं, दागिना असो की भांडं, ते माझंच, सासरी अडकवून ठेवता येत नाही. पोटगी मागायचाही हक्क. “नहीं चाहिए तो मत ले बेटा, पर हक़ है, ये जान के मना कर,” बाई म्हणाल्या. बाईमाणसाला कोर्टातून वकील फुकट मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं, फक्त फी घेऊन झाल्यावर!

“और सुन, बीच में ससुराल में एक रात भी नहीं. फिर साथ रहने लगे, ये बात निकली तो सब पानी में. फिर से साल भर बैठ.”

“हव, दीदी,” मी म्हटलं.

वर्ष झालं, अर्ज झाला, सहा महिने सुरू झाले. पण त्या सहा महिन्यांत भादवा येतो, हे ना वकीलबाईंच्या डोक्यात आलं, ना माझ्या. भादव्यात आमच्या वऱ्हाडकडच्या घरांत महालक्ष्म्या बसतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवस माहेरपणाला येतात. त्यांना खऱ्या बाईसारखं उभं करून लुगडं नेसवावं लागतं, आणि खंड पडू द्यायचा नसतो. सासरी हे नेसवायचं काम माझं होतं. माझ्या निऱ्या पाहायला सासरचा अख्खा मोहल्ला, बूढ़ापारा, यायचा, उगाच नाही सांगत!

एक दिवस सासूबाई रिक्षातून आमच्या दारात उतरल्या. हाताला प्लास्टर. मोरीत पाय घसरला होता.

“महालक्ष्म्या कोण नेसवन आता?” त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

“आई, मी कशी येऊ? केस चालू आहे ना.”

“काहून? कोर्टानं सोडलं का तुले?”

“नाही अजून.”

“मंग तू अजून माही सून हायेस. विचार तुह्या वकिलीनबाईले.”

घ्या! कायदा त्यांना माझ्याआधी कळला होता. मी म्हटलं, येते, नेसवते आणि संध्याकाळी परत. पण लुगडी नेसवता नेसवता रात्र झाली. दुसऱ्या दिवशी पुरणाचा घाट, सोळा भाज्या, आंबील, आणि त्या एका हाताच्या. त्यांना तसं टाकून कशी निघणार? दोन रात्री राहिले. महालक्ष्म्यांसमोर सतरंजी टाकून आम्ही दोघी झोपायचो आणि नवरा गच्चीवर. तीन दिवसांत तो माझ्याशी एकच शब्द बोलला. पिनांचा डबा पुढं करून म्हणाला, “पिन?”

शेजारणी दर्शनाला आल्या की आधी देवीकडे बघत आणि मग माझ्याकडे. “बहू आ गई!” एकजण म्हणाली. सासूबाई नुसत्या हसल्या. नाही म्हणाल्या नाहीत. मला कळलं की ही बाई आस लावून बसली आहे; तिथंच उठायला हवं होतं. पण हात पुरणात होते. विसर्जन करून निघाले तेव्हा त्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या, “जाऊन राहिली का?” मी मान हलवली.

वकीलबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. “सोई कहाँ?” “देवी के सामने, सास के पास.” “हे भगवान! अच्छा, जज जितना पूछे उतना ही बोलना.” मी म्हटलं, दीदी, तसंच बोलणाऱ्या माणसाला तर मी सोडून राहिले!

तारीख आली. सासूबाईही आल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन मागच्या बाकावर. जजसाहेबांनी आधी नवऱ्याला विचारलं, “इस बीच कभी साथ रहे?”

“जी. दो रात घर में थी,” तो म्हणाला.

अग्गं बाई! चार वर्षं तोंड उघडलं नाही, आणि उघडलं ते आज! जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “तो मेल हो गया? फिर ये अर्ज़ी कैसी?” मी बोलायला गेले, वकीलबाई बोलायला गेल्या, साहेबांनी हातानंच गप्प केलं. “घर में और कौन था?” सासूबाई उठल्या.

त्यांना जास्त काही करावं लागणार नव्हतं. ‘हो साहेब, सून परत आली होती,’ एवढं म्हटलं असतं की माझं दीड वर्ष मातीत. आणि त्यांना तेच तर हवं होतं. अख्ख्या मोहल्ल्याला त्यांनी तेच समजू दिलं होतं. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. प्लास्टर निघालेलं मनगट दुसऱ्या हातानं धरून उभ्या होत्या.

“साब, मेरे बेटे के पास नहीं आई थी,” त्या म्हणाल्या. “मेरे पास आई थी. मेरा हाथ टूटा था. मेरे बाजू में सोती थी, देवी के सामने.”

आणि खाली बसून पदरानं डोळे पुसू लागल्या. मला हुंदकाच फुटला. वकीलबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की बस! “अभी मत रो,” त्या कानात म्हणाल्या, “जज समझेगा मन नहीं है.” मी हुंदका गिळला. साहेबांनी मला विचारलं, त्याला विचारलं, दोघांनी ‘हो’ म्हटलं. साहेबांनी पेन उचललं.

बाहेर आलो. नवरा “बरं” म्हणून स्कूटर काढायला गेला. सासूबाईंनी डबा माझ्या हातात दिला. करंज्या होत्या.

“आई, पुढच्या वर्षी कोण नेसवेल हो?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“कोण म्हणजे? तू.”

“मी आता सून कुठं राहिले?”

“मंग सून म्हणून नको येऊ. माहेरपणाले ये. त्या दोघी बी तं तेवढ्यासाठीच येतेत.”

वकीलबाईंना मराठी कळेना. “क्या बोल रही हैं?” मी सांगितलं. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. “जा. अब जितनी रात रुकना है, रुक.”

पुढच्या भादव्यात मी गेले. सासूबाईंनी मला दारातच थांबवलं, आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं आणि माझ्यावरून ओवाळून बाहेर टाकलं, लेक माहेरी आली की टाकतात तसं. मग मी आत पाऊल टाकते न टाकते तोच पिनांचा डबा माझ्या हातात दिला.