बिनचिठ्ठीचे अकराशे खण

शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात अकराशे खण आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही. गिऱ्हाईक तुटलेला भाग काउंटरवर ठेवतं. खणकाका तो उजेडात धरतात, मशीन किती जुनं आहे एवढं विचारतात आणि मागे न बघता हात मागे नेऊन बरोबर तो खण ओढतात. गिऱ्हाइकांना ही जादू वाटते. काकांना वाटत नाही, पण गिऱ्हाइकांना वाटते हे त्यांना आवडतं.

वय बेचाळीस. पुढचे केस सव्विसाव्या वर्षीच गेल्यामुळे तेव्हापासून ते काका. खणांची मांडणी त्यांचीच. भाग नावाप्रमाणे लावलेले नाहीत, आकाराप्रमाणेही नाहीत. जे एकामागोमाग मोडतात ते शेजारी शेजारी. बॉबिन केस झिजली की वर्षभरात शटल जातं, म्हणून शटल तिच्या उजवीकडे. मालकांनी एकदा चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला होता.

"चिठ्ठ्या लावल्या की इथे कोणीही उभं राहील," काका म्हणाले.

"तेच तर हवंय," मालक म्हणाले.

काकांनी गठ्ठा एका खणात ठेवून दिला. कोणत्या, ते त्यांनाच माहीत. झाकली मूठ झाकलेली राहिली, आणि अठरा वर्षं दुकान काकांच्या डोक्यावर चाललं.

त्याच डोक्यात चौदाव्या वर्षापासून बिघाड आहे. फिट येते. जमिनीवर पडून हातपाय झाडण्याची नव्हे, ती क्वचितच. नेहमीची वेगळी. मिनिट-दीड मिनिट नजर थिजते, तोंड काही चघळल्यासारखं हलतं, डावा हात चाचपडत राहतो. मग थोडा वेळ गोंधळ आणि नंतर सगळं पूर्ववत. त्यातलं काकांना काहीच आठवत नाही. जे आठवत नाही ते झालं नाही, असा त्यांचा साधा नियम होता. डॉक्टर विचारत, "महिन्याला किती?" काका सांगत, "दोन."

तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, एकाच वेळी दोन झाल्या, फिट काही थांबली नाही. यंदा उन्हाळ्यात ते भर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बस त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. चालक खाली उतरून बरंच काही बोलला म्हणे. काकांनी नुसती मान हलवली. त्याला वाटलं, चूक कबूल केली.

त्यानंतर नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाच दिवस दाखल करून घेतलं. डोक्याला तारा, समोर कॅमेरा, आणि गोळ्या मुद्दाम कमी केलेल्या.

"अठ्ठावीस वर्षं फिट येऊ नये म्हणून गोळ्या खाल्ल्या," काका नर्सला म्हणाले, "आणि इथे तुम्ही तिची पाहुण्यासारखी वाट बघताय."

"आली की बेल दाबा हं."

"मी?"

नर्सने बेल बायकोच्या हातात दिली. बायको टपालखात्यात पार्सलं वेगळी करण्याचं काम करते, नजर पक्की आहे. पाच दिवसांत तिने सहा वेळा बेल दाबली.

शेवटच्या दिवशी एका मुलीने काकांची परीक्षा घेतली. चित्रं दाखवली, नावं सांगायची. पंधरा शब्द वाचून दाखवले, अर्ध्या तासाने ते आठवायचे. काकांनी पंधराच्या पंधरा सांगितले, शिवाय मधल्या वेळात तिने फोनवर उच्चारलेले तीनही सांगितले.

निकाल सांगताना डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या छायाचित्रावर पेनाचं टोक ठेवलं. डाव्या कानाच्या आत, साधारण अंगठ्याएवढा भाग सुकलेला. फिट तिथून निघते. तेवढा भाग काढला तर दहातल्या सहा-सात जणांच्या फिट थांबतात. शंभरात एक-दोघांना गंभीर त्रास होऊ शकतो. गोळ्या निदान दोन वर्षं चालूच राहतील.

"आणि एक," त्या म्हणाल्या. "तुमची शब्दांची स्मरणशक्ती फार चांगली आहे."

काका खूश झाले.

"तीच अडचण आहे. हाच भाग नावं साठवायला मदत करतो. ज्यांची आधीच कमजोर असते त्यांचं फार काही जात नाही. तुमचं जाऊ शकतं. वस्तू समोर दिसेल, नाव जिभेवर येणार नाही."

"किती नावं?"

"मोजून नाही सांगता येत."

"अकराशेपैकी?"

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "दुकानाचं बोलतायत."

"घाई नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ठरवण्याआधी मला खरा आकडा हवाय. घरचा आणि दुकानाचा, दोन्ही."

"घरी नऊ," बायको म्हणाली. "गेल्या महिन्यात."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने परक्यासमोर त्यांचं वय वाढवून सांगितलं.

परत येताना जिन्यात काका म्हणाले, "नऊ कुठून काढलेस?"

"कॅलेंडरवर टिंबं करते मी."

"ती दुधाची नव्हेत?"

"आपल्याकडे दूध रोज येतं. रोजची टिंबं कशाला करू?"

ते आणखी एक मजला उतरले.

"ऑपरेशननंतर तुझं नाव आठवलं नाही तर?"

"सोळा वर्षांत एकदा तरी नावाने हाक मारलीत? 'अगं'वर भागतंय सगळं. 'अगं' तेवढं शाबूत ठेवायला सांगा त्यांना."

"चेष्टा नकोय."

"मी कुठे चेष्टा करतेय? त्या बसखाली गेला असतात तर मला काय काय आठवत बसावं लागलं असतं, ते मी आधीच आठवून बघितलंय." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "करा म्हणत नाही. करू नका असंही म्हणत नाही. पण दोन-दोन म्हणून सांगत फिरू नका."

काकांचं मन मात्र जिन्यातच ठरलं होतं. नाही करायचं. फिटबरोबर अठ्ठावीस वर्षं काढली. नावं गेली तर काउंटरमागे उभं राहून करायचं काय? तुटलेला भाग उजेडात धरायचा आणि गिऱ्हाइकालाच विचारायचं, हे काय असतं हो?

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले ते केवळ आकड्यासाठी. तिथे पॅकिंगला मावशी असतात, वय साठीच्या आसपास. सहा वर्षं त्या आणि काका पाच फुटांच्या अंतरावर काम करतात आणि हवामानापलीकडे फारसं बोलत नाहीत.

"मावशी, मला इथे कधी फिट आली आहे?"

मावशींनी दोरा दाताने तोडला. "खरं सांगू का?"

"म्हणजे आली आहे."

"आठवड्याला दोन. कधी तीन."

काका स्टुलावर बसले. "करतो काय मी?"

"खण उघडता. मूठभर माल काढता, दुसऱ्या खणात टाकता. कधी तिसऱ्या. मी गिऱ्हाइकाला म्हणते, काका जरा हिशेबात आहेत, थांबा. मग तुम्ही शुद्धीवर आलात की चहा देते."

तो चहा काकांना माहीत होता. मावशींचा स्वभाव प्रेमळ आहे, असं ते बायकोला सांगत आले होते.

खणांत चुकीचा माल सापडतो, हेही त्यांना माहीत होतं. सहा वर्षं त्यांचा ठाम समज होता की सुट्टीच्या दिवशी मालक येऊन नसते उद्योग करतात. तसं त्यांनी मालकांना गिऱ्हाइकांदेखत अनेकदा सुनावलं होतं. मालकांनी एकदाही नाकारलं नव्हतं. "चुकलं हो, पुन्हा नाही करणार," म्हणायचे.

"मालकांना ठाऊक होतं?"

"त्यांनीच सांगितलं, काकांना बोलू नका, दुखावतील."

"आणि माल परत जागेवर कोण लावतं?"

"मीच की. पहिल्या वर्षी चुकायचं. मग तुम्ही चिडायचात, 'हे इथे कसं आलं' म्हणून, आणि बरोबर खणात टाकायचात. मी बघून ठेवायचे. आता चुकत नाही फारसं."

काकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी उभं राहून विचारलं, "दाताची पट्टी, जुन्या पायाच्या मशीनची?"

मावशींनी खिडकीजवळचा खालचा खण ओढला. पट्टी.

"टेन्शनची स्प्रिंग, छोटी?"

स्प्रिंग.

"ओव्हरलॉकचा खालचा लूपर?"

"त्याला काय म्हणतात मला नाही माहीत. दाखवा कसा दिसतो."

काकांनी हवेत बोटाने आकार काढला. मावशी शिडीवर चढल्या आणि घेऊन आल्या. अशी वीस-पंचवीस झाली. दोन चुकली, आणि त्यातली एक, तपासल्यावर, काकांची चूक निघाली. मालक वरच्या गोदामातून उतरले, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा वर गेले.

"चिठ्ठ्यांचा गठ्ठा," काका शेवटी म्हणाले.

मावशींनी काउंटरखालचा खण उघडला. "हा? त्याच्यावर वंगण सांडलं होतं. वरच्या दहा-बारा फेकल्या मी."

त्या दिवशी काकांनी तीन गिऱ्हाइकांना वळून, बघून माल दिला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. ज्या मांडणीसाठी ते बसखाली जायला तयार होते, ती गेली सहा वर्षं आठवड्याला दोनदा मुठीने इकडची तिकडे होत होती, आणि नावंही धड माहीत नसलेली एक बाई ती निस्तरत होती. आता वाचवायचं नेमकं काय, हे त्यांना सांगता येईना. चार वाजता त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"घरी नऊ. दुकानात दहा धरा."

"बरं. आणि विचार काय केलात?"

"तारीख द्या. महिनाभरानंतरची. आधी थोडं लिहायचंय."

"नावांची भीती?"

"आहे ना," काका म्हणाले. "पण माझ्याशिवाय अडेल असं जे वाटत होतं, ते खोटं निघालं. वाईट वाटलं. म्हणून म्हटलं, आत्ताच फोन करावा, उद्या वाईट वाटायचं थांबलं तर मी पुन्हा दोनच सांगेन."

संध्याकाळी ते वर गोदामात जाऊन मालकांना भेटले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "तुम्ही खणांना हात लावत नव्हतात तर." मालक म्हणाले, "एकदा लावला होता. बटणं शोधत होतो." इतकंच बोलणं झालं. सहा आठवड्यांची रजा मात्र न मागता मिळाली.

आता चिठ्ठ्या लिहिणं चालू आहे. काका नाव सांगतात, मावशी लिहितात, कारण अक्षर त्यांचं बरं. मावशींच्या आग्रहाने नावाखाली छोटं चित्रही काढायचं ठरलं. "नाव गेलं तरी डोळे राहतील ना?" असं त्या म्हणाल्या. मग त्यावरून वाद होतात. लूपरचं चित्र काकांना मासे धरायच्या गळासारखं वाटतं, मावशींना हुबेहूब.

चौथ्या दिवशी, चारशेव्या खणाच्या आसपास, काका एक नाव सांगता सांगता थांबले. ओठ हलत राहिले. डाव्या हाताने खण उघडला, स्प्रिंगा काढल्या, सुयांच्या खणात टाकल्या. मावशींनी पेन खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दारातल्या शिंप्याला सांगितलं, "काकांना फिट आली आहे. दोन मिनिटं बसा."

काका भानावर आले तेव्हा शिंपी बाकावर बसला होता आणि स्प्रिंगा अजून सुयांतच होत्या. मावशींनी त्या उचलल्या नव्हत्या.

"झाली?" काकांनी विचारलं.

"झाली. अकरा वीसला. दीड मिनिट. चहा देऊ?"

"आधी हे काढू." काकांनी खण मांडीवर घेतला आणि सुयांमधून एकेक स्प्रिंग वेचायला सुरुवात केली. त्यांना वेळ लागला. मावशी चिठ्ठी हातात धरून थांबल्या, आणि शिंपीही थांबला.