उताराला गियर

माझी बदली नांदेडच्या शाळेत झाली तेव्हा वडिलांनी एसटीचं वेळापत्रक लिहून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. घरात गाडी होती, चांगली नवी, पेट्रोलवरची. पण तिची किल्ली अप्पांच्या बंडीच्या खिशात असायची. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. तीस वर्षं त्यांनी किल्लारी-लातूर रस्त्यावर जीप चालवलेली. माझ्याबद्दल त्यांचं म्हणणं एकच होतं, "तू गाडी चालवत न्हाईस, पेट्रोल पितीस."

मला राग लवकर येतो आणि गाडी चालवताना तो उजव्या पायात उतरतो, हे खरंय. पण दर शनिवारी लातूरला यायचं, दर सोमवारी पहाटे नांदेड गाठायचं आणि तेही एसटीच्या भरवशावर? मी कडाडून भांडले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना अप्पांनीच तोडगा काढला. एका रविवारी लातूरहून नांदेडला गाडी ते नेणार, पुढच्या रविवारी मी. लिटरला किती किलोमीटर पडले ते गाडी स्वतःच दाखवते. माझा आकडा वर गेला तर किल्ली माझी, नाहीतर गुमान एसटी.

पहिल्या रविवारी अप्पांनी चाकं गार असतानाच हवा तपासली. महिनाभर डिकीत पडलेली माझी पुस्तकांची खोकी काढून अंगणात ठेवली. आकडा शून्यावर आणला आणि निघाले. लांबवर म्हैस दिसली तरी ते पाय उचलत, ती रस्ता ओलांडेपर्यंत गाडी आपोआप मंदावत असे. "ब्रेक मारला की समज, आधी जाळलेलं गेलं वाया." मी शेजारी बसून सगळं चोरून शिकत होते. अहमदपूर सोडल्यावर उतार लागला आणि अप्पा खुशीत आले. त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकून सोडून दिली. जीपच्या अड्ड्यावर हीच सगळ्यात मोठी हुशारी मानत. डिझेल वाचवायला अप्पा तेव्हा उताराला इंजिनच बंद करायचे, आत-बाहेर माणसं लटकलेली असताना. नांदेडला आकडा आला बावीस पॉइंट एक.

त्या आठवड्यात मी गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचलं. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. त्यात सरळ लिहिलं होतं: उताराला गाडी गियरमध्येच ठेवावी, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला पेट्रोल जाणं थांबतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळतच राहतं. मी ते तीनदा वाचलं. अप्पांना एका अक्षरानं सांगितलं नाही. रविवार कधी उजाडतो असं झालं होतं मला.

उजाडला. हवा, डिकी, लांबवरची म्हैस, सगळं अप्पांच्याच शिस्तीनं केलं. तरी उतारापर्यंत आकडा एकवीस पॉइंट आठच होता.

"सोड आता. न्यूट्रल कर," अप्पा म्हणाले.

मी फक्त पाय उचलला.

"कामून ऐकत न्हाईस? उगं पेट्रोल जाळून राहिलीस."

"अप्पा, समोर बघा."

त्या त्या क्षणाचा हिशेब दाखवणारी पट्टी सरसर सरकत पार शेवटाला जाऊन टेकली. पेट्रोल जातच नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? शिवाय गियरमुळं इंजिनच गाडीला धरून होतं, ब्रेकला पाय लावायची वेळ फार आलीच नाही. मी आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारली. अप्पा उतार संपेपर्यंत त्या पट्टीकडं बघत बसले.

नांदेडला शाळेसमोर गाडी उभी केली. बावीस पॉइंट चार. मी खाली उतरले, नुसतं नाचायचं बाकी होतं. अप्पा आतच बसून होते.

"जीपला बी असंच असंल का गं?"

"माहीत नाही अप्पा. पण बंद इंजिनाची गाडी उताराला धरणार कोण?"

त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एकदा ब्रेक लागंना झालता. कडब्याच्या गंजीत घातली तवा थांबली. पोरंबाळं होती जीपमधी. घरी कधी सांगितलं न्हाई."

माझं नाचणं तिथंच राहिलं. तीस वर्षं आम्ही त्यांच्या हुशारीचं कौतुक करत आलो होतो आणि ते हे एकटेच पोटात ठेवून होते. अप्पांनी हात लांबवून किल्ली काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

आता सोमवारी नांदेडला पोचले की त्यांचा फोन येतो. मला आकडा सांगायची कोण घाई असते. परवा तर चोवीसच्या वर गेला. पण ते मला मध्येच तोडतात. "ते ऱ्हाऊ दे. उताराला गियरमधी होतीस ना?"