पाठीतल्या दोन सळ्या

लग्न होऊन सासरी आले, तेव्हा माझं सगळ्यात मोठं कौतुक काय होतं, तर मी मान खाली घालून चालते. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईची नजर कधी वर जात नाय. लई संस्कारी!" खरं म्हणजे वयात येतानाच माझ्या पाठीला वरच्या बाजूला बाक आला होता. नजर वर न्यायची म्हटली तरी जायची नाही. डोक्यावरच्या पदराखाली तो बाक कुणाला दिसला नाही, आणि कौतुक ऐकून ही बया एवढी फुगली की पाठ दुखली तरी ब्र काढायची नाही. उलट ताठ चालणाऱ्या धाकट्या जावेला शिकवायची, "जरा वाकून चालावं गं बाईच्या जातीनं." काय अक्कल!

दोनेक वर्षांपूर्वी, पुंडलिकनगरच्या घरात चालता चालता चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. पाय बधिर होत चालले होते. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाक वाढलाय, आतल्या मज्जारज्जूवर दाब येतोय. ऑपरेशन करून मणक्यांत स्क्रू आणि दोन सळ्या बसवाव्या लागतील. "नाही केलं तर चालणं जाईल. केलं तरी पाय पूर्ण सुधारतील अशी हमी देत नाही."

मुलगा म्हणाला, "आई, या वयात?"

"मग काय, पुढच्या जन्मी करू?"

बोलले खरी, पण आतून पार हबकले होते.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तर डॉक्टर पायाशी उभे. "आजी, अंगठा हलवा बरं."

"कुठला? हाताचा का पायाचा?"

ते हसले. मी पायाचा अंगठा हलवला. हलला! मग दुसराही. त्या माणसाला हात जोडायला गेले, तर हाताला सलाईन.

पुढं मला ओंडक्यासारखं अलगद कुशीवर वळवणाऱ्या नर्सबाया, रोज सकाळी माझ्या पाठीचा पट्टा उलटा बांधून माझ्या शिव्या खाणारे आमचे हे, किती जणांचे उपकार मानू?

आता संध्याकाळी आम्ही दोघं दुधाला जातो. परवा हे मागं राहिले, धापा टाकत म्हणाले, "अगं, जरा हळू चाल की."

"अहो, तुम्हीपण घ्या की दोन सळ्या घालून," म्हटलं, आणि थांबले त्यांच्यासाठी.