गवताची भिंत

अमेरिकेत, सिॲटलजवळच्या रेडमंडला आल्यावर सुरुवातीची दोनेक वर्षं मी डिपेंडंट व्हिसावर घरी बसून होते. बसून म्हणायचं एवढंच. पुण्यात आर्किटेक्ट म्हणून सकाळ-संध्याकाळ साइटवर फिरायची सवय, त्यामुळे इथे अपार्टमेंटच्या गालिच्यावर फेऱ्या चालायच्या. बाहेर पाऊस, आत मी. नवरा ऑफिसातून आला की म्हणायचा, "जरा बस ना यार, मलाच दमल्यासारखं होतं."

दोन हजार पाच साली सिॲटलमधल्या एका लहानशा फर्मने मला घेतलं, व्हिसाचं काम मार्गी लागलं, आणि मी रोज बसने तळं ओलांडून जायला लागले. बसमध्येही मांडीवर बोटांनी प्लॅन काढत असायचे.

पहिलंच काम मिळालं ते एका जपानी हॉटेलचं. मालकीणबाई मूळच्या जपानच्या, साठीच्या आसपास, नवरा वारल्यावर त्यांनी एक जुनी विटांची इमारत घेतली होती. खोल्या मोजक्याच हव्यात, आणि चित्रं विकत आणून टांगायची नाहीत, हा त्यांचा आग्रह. "भिंत उभी राहतानाच चित्र ठरलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. वरच्या मजल्याचा कॉरिडॉर माझ्या बॉसने त्याच हिशेबाने आखला होता. मुद्दाम अरुंद, छताला देवदाराच्या बारीक पट्ट्या, बाजूच्या भिंतींवर काही म्हणजे काही नाही. लिफ्टमधून बाहेर पडलं की नजर थेट टोकाच्या भिंतीवर जावी. त्या भिंतीवर वरून उजेड कसा पडेल, हे काढायचं काम माझ्याकडे होतं.

भिंत रंगवायला जपानहून एक वयस्कर चित्रकार आले. इंग्रजी जवळजवळ नाहीच. चुन्याचा गिलावा त्यांनी स्वतः केला आणि त्यावर शाईने गवत काढायला घेतलं. नुसतं गवत. एका बाजूने वारा सुटलाय आणि अख्खा उतार वाकलाय असं. उजेड तपासायच्या निमित्ताने मी रोज वर जायचे. त्यांनी अंथरलेल्या कापडाच्या कडेला मी बूट काढले, ते त्यांना आवडलं असावं. एकदा दुपारी त्यांनी डब्यातल्या भातावर कसलीशी भुकटी भुरभुरली. दुसऱ्या दिवशी मी मेतकूट नेलं. त्यांनी वास घेतला, खाल्लं, आणि डबी सरळ आपल्या बाजूला ठेवून घेतली. त्यानंतर आम्ही बरोबर जेवायला लागलो. बोलणं फारसं व्हायचं नाही. पण त्या भिंतीसमोर बसले की माझे पाय हलायचे थांबत, हे मला घरी जाताना बसमध्ये लक्षात यायचं.

गवत जवळजवळ पुरं झालं आणि आगीच्या नियमांचा इन्स्पेक्टर तपासणीला आला. कॉरिडॉरमध्ये इकडून तिकडे चालला आणि टोकाच्या भिंतीवर, गवताच्या मधोमध बोट टेकवून म्हणाला, "इथे अलार्मचा दिवा लागेल."

आमच्या मंजूर नकाशात तो बाजूच्या भिंतीवर होता. पण मधल्या काळात एक दार सरकलं होतं, त्याच्या आड तो दिसला नसता. त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

बॉस मला म्हणाले, "तू सांग त्यांना. तुमचं जमतं."

मी मालकीणबाईंना घेऊन वर गेले. मी इंग्रजीत सांगायचं, त्या जपानीत. चित्रकारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, केवढा असतो? मी हातांनी आकार दाखवला. आणून दाखवा, म्हणाले. इलेक्ट्रिशियनकडून मी एक दिवा मागून आणला. लाल, चौकोनी, वर पांढरी काच. त्यांनी तो गवतावर धरला. मला धरायला सांगून स्वतः लिफ्टपर्यंत मागे गेले आणि तिथून कितीतरी वेळ बघत राहिले. मग परत येऊन ब्रश धुतले, कापडाची घडी घातली आणि निघून गेले.

"रागावले का?" मी विचारलं.

"माहीत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "विचार करतो, एवढंच म्हणाले."

ते आठवडाभर फिरकले नाहीत. माझ्या जिवाला मात्र चैन नव्हतं. मी नियमांचं जाडजूड पुस्तक घरी आणलं. भाजी फोडणीला टाकून ओट्याशी उभी राहून वाचायचे. नवरा म्हणाला, "अगं, एक दिवा आहे. लागेल तिथे लागेल. हॉटेल तुझं आहे का?"

"तू ती भिंत बघितलेली नाहीस," मी म्हटलं.

"बरं. भाजी करपतेय तेवढी बघ."

शेवटी सापडलं. तोच दिवा भिंतीऐवजी छतालाही चालत होता. मी तसा नकाशा काढून इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेले. त्याने चष्मा कपाळावर चढवून तो तपासला. "पट्ट्यांच्या खाली यायला हवा, वर लपलेला चालणार नाही," म्हणाला. मी तिथल्या तिथे पेन्सिलने दुरुस्ती केली. त्याने सही केली.

मी अक्षरशः धावत साइटवर आले. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर गवत नव्हतं.

चित्रकार तिथेच होते, भिंतीच्या पायाशी गुडघ्यांवर बसलेले. वरचा थर खरवडून त्यांनी नवा गिलावा केला होता, अजून ओला, गडद. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात गवताची एक झुलती किनार ठेवली होती. बाकी सगळी भिंत मोकळी. दिव्यासाठी जागा करून दिली होती त्यांनी.

माझ्या हातात सही झालेला कागद होता. मालकीणबाई मागून आल्या, त्यांनी नकाशा वाचला. मग वाकून हळू आवाजात चित्रकारांना सांगितलं, की दिवा आता वर जाणार आहे, भिंतीला हातही लागणार नाही.

त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ते हसले, चांगले खांदे हलेपर्यंत हसले. काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, बरंच झालं," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी गवत जास्तच झालं होतं."

हे खरं होतं की माझी समजूत काढायला म्हणाले, मला कधीच कळलं नाही. मी विचारलं, पुन्हा काढाल का? त्यांनी मान हलवली. नाही.

हॉटेल उघडलं तेव्हा ती भिंत सगळ्यांना फार आवडली. इतकी मोकळी जागा सोडायला धाडस लागतं, असं पाहुणे म्हणायचे, आणि बॉस मान डोलवायचे. उद्घाटनाला माझा नवरा आला होता. कॉरिडॉरच्या मध्यावर तो आपोआप हळू झाला, ते मी पाहिलं.

"छान आहे की," तो म्हणाला. "एवढा जीव का टाकत होतीस?"

मी त्याला सांगायला लागले, वारा कुठून होता, पाती कुठपर्यंत वाकली होती. हाताने हवेत दाखवत होते. तो माझा हात बघत होता, मग भिंत, मग परत हात.

"म्हणजे इथपर्यंत?" त्याने स्वतःचा हात वर नेऊन विचारलं.

"अजून वर," मी म्हटलं.