त्र्याण्णव क्रमांकाचा अभिप्राय

आमच्या वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाला शेवटी एक जास्तीचं कोरं पान चिकटवलेलं असतं. पुस्तक वाचून झालं की त्यावर पेन्सिलीने आपलं मत लिहायचं. नाव घालायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. ही पद्धत कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हाही ती होती, आणि मी तिला तेव्हाही वैतागले होते. कारण लोक मत देत नाहीत, भांडतात. एकतीस नंबर लिहिणार, "ढसाढसा रडलो." त्याखाली अठ्ठ्याऐंशी नंबर, "मला झोप आली." मग एकतीस नंबर तेच पुस्तक पुन्हा नेणार, खास एवढ्यासाठी, आणि लिहिणार, "ज्यांना हृदय नाही त्यांनी कादंबऱ्यांच्या वाटेला जाऊ नये." एकशे सत्तेचाळीस नंबर म्हणजे एक निवृत्त कारकून. ते गेली बावीस वर्षं प्रत्येक पुस्तकावर एकच शब्द लिहितात, "ठीक." एकदा शब्दकोशावरही लिहिलंय.

अभिप्रायाचं पान भरेपर्यंत पुस्तकही खिळखिळं झालेलं असायचं. मग ते बांधणीला जायचं. आमचे बाइंडर दोन गल्ल्या सोडून एका जिन्याखालच्या खोलीत बसत. त्यांना सगळे पक्केकाका म्हणत, कारण कशालाही त्यांचं उत्तर एकच, "पक्कं." शनिवारपर्यंत द्याल का? पक्कं. पाठीला हिरवं कापड लावाल? पक्कं. काका, पाऊस येईल का हो? पक्कं. आणि बांधणीही तशीच. माणूस एकवेळ मोडेल, पण त्यांनी शिवलेलं पुस्तक मोडणार नाही. शिलाईचा दोरा मेणातून ओढताना त्यांच्याकडे पाहत राहावं. खळ स्वतः शिजवणार, बोटावर घेऊन चिकटपणा बघणार, मगच ब्रश बुडवणार.

पण या माणसाने जन्मात एक पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "बांधणारा वाचत बसला, बाई, तर खळ सुकते."

वाचायचं काम घरात काकूंकडे होतं. त्यांचा क्रमांक त्र्याण्णव. आठवड्याला तीन पुस्तकं. दुपारचं घरातलं आवरलं की त्या दुकानात येत, खिडकीजवळच्या स्टुलावर बसत आणि वाचत. मधेच काही आवडलं की म्हणत, "अहो, ऐका ना, काय लिहिलंय," आणि अर्धं पान मोठ्याने वाचून दाखवत. काका पुठ्ठा कापता कापता म्हणत, "हं. पक्कं." ऐकलेलं काही नसायचं. पालथ्या घड्यावर पाणी. काकूंना ते ठाऊक होतं, तरी वाचत. मी हे किती वेळा माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि हसलेय.

आता माझ्या वाट्याची चूक सांगते. बांधणीच्या वेळी भरलेलं अभिप्रायाचं पान काढायचं आणि नवं कोरं लावायचं, हा नियम. काढलेल्या पानांचं काय करायचं, असं काकांनी अगदी सुरुवातीला विचारलं होतं. मी कामात होते. म्हटलं, "टाकून द्या, कोण वाचतंय ती भांडणं!" पण कागद टाकणं काकांच्या हाताला जमायचं नाही. ते पान तिघडी करायचे आणि जे पुस्तक त्या वेळी दाबाखाली असेल त्याच्या पाठीत, कापडाच्या आत, अस्तर म्हणून घालायचे. त्यामुळे पाठ ताठ राहते म्हणे. या पुस्तकाची मतं त्या पुस्तकाच्या पाठीत. वाचली मात्र त्यांनी एकही नाहीत.

पाच वर्षांपूर्वी काकू आजारी पडल्या. दवाखान्यात चौथ्या दिवशी, दुपारच्या भेटीच्या वेळेत, त्यांनी काकांना विचारलं, "अहो, माझा तो अभिप्राय वाचलात ना? मागच्या वर्षी लिहिला होता, तुमच्यासाठी. पान तुमच्याच हातात आलं असणार."

 वाचला नाही म्हणायची काकांना लाज वाटली. म्हणाले, "वाचला की."

"मग? काय म्हणणं आहे तुमचं?"

"पक्कं," काका म्हणाले.

काकू हसल्या. काकांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग घरी गेल्या गेल्या सुरू करायचं हं. मागे फिरायचं नाही."

काकांनी मनात ठरवलं, आज दुकानात जाऊन ते पान शोधतो, वाचतो आणि उद्या नीट बोलतो. दुकानात आल्यावर त्यांना आठवलं की पानं नाहीतच. सगळी पाठींच्या आत गेली आहेत. दुसऱ्या दिवशी काकू शुद्धीवर नव्हत्या. त्या घरी आल्या नाहीत.

हे सगळं त्यांनी मला पंधरा दिवसांनी सांगितलं, माझ्या टेबलासमोर उभं राहून, टोपी हातात घेऊन. "ती हसत गेली, बाई," म्हणाले. "मी शब्द दिला म्हणून हसत गेली. पण मी कशाला पक्कं म्हणालो, हेच मला माहीत नाही. काय सुरू करायचं होतं आम्हाला?"

मी त्या दिवशी घरी जाऊन रडले. मला एवढ्यातेवढ्याने रडू येत नाही, मी अठ्ठ्याऐंशी नंबरच्या जातीची. पण 'टाकून द्या' हे माझे शब्द होते.

आम्ही जावक वही काढली. काकूंनी सांगितलेल्या वर्षी बांधणीला गेलेली पुस्तकं निघाली चौसष्ट. काकूंचं पान त्यांतल्याच कुठल्यातरी एकाच्या पाठीत असणार. मी म्हटलं, "काका, सगळी घेऊन जा. फोडा पाठी. वरच्या लोकांना काय सांगायचं ते मी बघते."

काकांनी शेल्फवरचं एक पुस्तक काढलं. पाठीवरून अंगठा फिरवला, उघडलं, मिटलं. आणि परत ठेवलं. "धडधाकट आहे हो," म्हणाले. "धडधाकट बांधणीला सुरी लावायची? हात उचलणार नाही माझा. आपणहून सुटून येतील तेव्हा बघू."

आपणहून! त्यांच्या हातचं पुस्तक आपणहून कधी सुटलंय? स्वतःच्याच कामाने माणसाला असं कोंडून घातलेलं मी कधी पाहिलं नाही. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

दोन वर्षांत चौसष्टांपैकी अकरा पुस्तकं आली. त्यांतल्या चार पाठींमध्ये त्र्याण्णव नंबर सापडला. प्रत्येक वेळी काका दुकान अर्ध्यावर टाकून वाचनालयात यायचे आणि खळ भिजवून सोडवलेलं ओलं पान माझ्यापुढे धरायचे. एका पानावर काकूंनी लिहिलं होतं, "नायिका पहिल्यापासून शेवटपर्यंत रडते. एवढं रडून हिला स्वयंपाकाला वेळ कधी मिळतो?" दुसऱ्यावर, "प्रवासवर्णन फार सुंदर. मी कुठे गेले नाही, पण आता तिथे गेले तर रस्ता चुकणार नाही." काका ही वाक्यं मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. एकदा म्हणाले, "अशी बोलायची का हो ती?" पस्तीस वर्षं संसार केलेला माणूस मला विचारत होता. मी हो म्हटलं.

पण ते पान यात नव्हतं. आणि काकांचं वय काही थांबलेलं नव्हतं. हाताला कंप यायला लागला होता.

शेवटी मी जे केलं ते कुठल्याही ग्रंथपालाने करू नये. तीस वर्षं मी पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांच्या अंगावर धावून गेले आहे. आता मी उरलेली त्रेपन्न पुस्तकं वेगळी काढली आणि आमच्याकडचे सगळ्यांत बेशिस्त वाचक हेरले. एक बाई पुस्तक पालथं घालून त्यावर तवा ठेवतात. एक गृहस्थ पुस्तकाची पाठ उलटी वाकवून ते एका हातात धरतात. एका घरात चार पोरं आहेत आणि चारही पोरं म्हणजे वादळ. यांना मी आग्रह करकरून पुस्तकं दिली. "हे न्याच, फार सुंदर आहे!" ज्यांची चार पानं मला वाचवली नव्हती अशा पुस्तकांची मी तोंडभरून स्तुती केली. लोकांना वाटलं, बाई म्हातारपणी मऊ झाल्या.

तरी वर्षभर काही होईना. तवा हरला, पोरं हरली. काकांची शिलाई जशीच्या तशी.

मग एका सकाळी एकसष्ट नंबर आले. चेहरा पडलेला. पिशवीतून त्यांनी एक जाडजूड ऐतिहासिक ग्रंथ काढला, फुगून पावासारखा झालेला. "बाई, मुलाला आंघोळ घालता घालता वाचत होतो. बादलीत पडलं. काय दंड असेल तो..." मी त्यांना बसवलं, चहा पाजला. ते गृहस्थ अजून मला बिचकून असतात.

मी स्वतः पुस्तक घेऊन दुकानात गेले. काकांनी ते हातात घेतलं आणि आधी मला विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम नाही ना केलं?" मी म्हटलं, "बादली माझी नव्हती." ते खोटं नव्हतं.

पाण्याने खळ सुटली होती. काकांनी कापड अलगद उचललं, आतलं तिघडी पान हाडाच्या पट्टीने सोडवलं आणि खिडकीतल्या उजेडात उलगडलं. शाईने लिहिलेलं असतं तर सगळं पुसलं असतं. पण आमच्याकडे नियम पेन्सिलीचा. ही पद्धत काढणाऱ्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा मनातून हात जोडले.

वर एका कादंबरीचा दाखल क्रमांक होता. खाली एकतीस नंबर रडले होते. एकशे सत्तेचाळीस म्हणत होते, "ठीक." आणि तळाशी, उरलेल्या जागेत दाटीवाटीने, त्र्याण्णव. काकांनी पान माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "तुम्हीच वाचा." मी वाचलं.

"यातला घड्याळजी बायकोला रोज संध्याकाळी एक पान वाचून दाखवतो. मला बाकीची गोष्ट आठवत नाही, तेवढंच आठवतं. पान भरलंय, म्हणजे पुस्तक आता आमच्याकडेच बांधायला येईल, म्हणून इथेच लिहिते. अहो, मी तुम्हाला जन्मभर वाचून दाखवलं. आता तुम्ही मला दाखवाल का? रोज एकच पान. हेच पुस्तक चालेल. तोंडाने विचारायला लाज वाटते."

काका स्टुलाकडे बघत राहिले. स्टुलावर पुठ्ठ्याचे तुकडे रचलेले होते. ते त्यांनी एकेक करून उचलले आणि खाली ठेवले.  मग नाक पुसत म्हणाले, "बाई, सभासद व्हायला काय लागतं?"

सभासद वारला की त्याचा क्रमांक रद्द करायचा असतो. त्र्याण्णव मी रद्द केलेला नव्हता. तोच दिला, आणि ती कादंबरीही दिली. पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचं असतं. काकांनी ते अकरा महिने ठेवलं. मी दर पंधरवड्याला गुपचूप तारीख पुढे ढकलली. एकसष्ट नंबरांनी तीच कादंबरी मागितली तेव्हा सांगितलं, बांधणीला गेलीय.

संध्याकाळी घरी जाताना मी कधी कधी वाट वाकडी करून त्या गल्लीतून जात असे. काका दुकान बंद करण्याआधी चष्मा चढवून, ओळीवर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं अडखळत वाचत. समोर रिकामं स्टूल. पान संपलं की वाक्य अर्धं असलं तरी थांबत. एकदा मी न राहवून आत गेले. विचारलं, "काका, अर्ध्या वाक्यावर? पुढे काय होतं बघावंसं वाटत नाही?"

"वाटतं ना," म्हणाले. "पण ती एकच पान म्हणालीय." मग पुस्तक मिटून म्हणाले, "तिला पुढचं सगळं माहीत आहे, बाई. मी एकटाच मागे राहिलोय."

पुस्तक परत आलं ते गेल्या मंगळवारी. ते टेबलावर ठेवून काका निघून गेले. मी सवयीने शेवटचं पान उघडलं. बांधणीच्या वेळी लावलेलं नवं पान काढून त्यांनी काकूंचं पान जिथलं तिथे परत चिकटवलं होतं, सुरकुत्या दाबून, कडा जुळवून. तळाशी जागा उरलेली नव्हती, म्हणून खाली दोन बोटं रुंदीची पट्टी जोडली होती. पट्टीवर मोठ्या, थरथरत्या अक्षरांत होतं,

"सभासद क्र. ९३. सगळं वाचून दाखवलं. उशीर झाला. आता पुढचं कोणतं?"

मी कपाटातून जुनी देवघेवीची वही काढली आणि त्र्याण्णव क्रमांकाचं पान उघडलं. घड्याळजीच्या कादंबरीनंतर काकूंनी कोणतं पुस्तक नेलं होतं ते पाहिलं, शेल्फवरून काढलं आणि धूळ पुसून टेबलावर ठेवलं. दुकान बंद व्हायला अजून तासभर होता. मीच नेऊन दिलं.